शेवटचे दहा मीटर

सिंगापूर बेटाच्या मध्यभागी मॅकरिची नावाचा जलाशय आहे. शहराला पाणी पुरवण्यासाठी १८६०च्या दशकात तो बांधला गेला. पुढे जेम्स मॅकरिची या नगर अभियंत्याने त्याची क्षमता वाढवली आणि १९२२मध्ये जलाशयाला त्याचं नाव मिळालं. पाणलोटाची जमीन राखायची म्हणून भोवतीच्या झाडीत वस्ती शिरू दिली नाही. आज ही झाडी दोन हजार हेक्टरांहून मोठ्या राखीव वनाचा भाग आहे. शहरातल्या भुयारी रेल्वेतून उतरून थोडं चाललं की माणूस विषुववृत्तीय जंगलात शिरतो. पाण्याला आणि रानाला वळसा घालणारी दहा-अकरा किलोमीटरांची वाट आहे. कुठे ती लाकडी फळ्यांवरून जाते, कुठे लाल मातीवरून, कुठे उघड्या मुळांवरून. अर्ध्या वाटेवर दोन टेकड्यांना जोडणारा २५० मीटर लांबीचा झुलता पूल लागतो. सर्वांत उंच जागी तो जमिनीपासून २५ मीटर वर आहे आणि तिथून झाडांचे शेंडे पायाखाली दिसतात.

या प्रकरणाचा विषय अशाच रानात खेळला जाणारा जिओकॅशिंग हा खेळ आहे. एकाने कुठेतरी डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, आणि बाकीच्यांनी हातातल्या जीपीएस यंत्राच्या किंवा फोनच्या मदतीने तो शोधायचा. डब्यात एक नोंदवही असते. सापडला की तिच्यात नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि घरी येऊन खेळाच्या संकेतस्थळावर कळवायचं. जगभर आज असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत. मोकळ्या मैदानात किंवा शहरातल्या चौकात हा खेळ सोपा वाटतो. उष्ण कटिबंधातल्या दाट झाडीत त्याचं रूप पार बदलतं. तिथे उपग्रह तुम्हाला डब्यापासून दहा मीटरांपर्यंत आणतात आणि पुढचं काम डोळ्यांवर सोडतात. या खेळातलं खरं कसब त्या दहा मीटरांत आहे, आणि लपवणाऱ्याची खरी जबाबदारीसुद्धा तिथेच आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आधी खेळाचा जन्म. लपवलेल्या पेटीत भेटीची खूण ठेवण्याची हौस जुनी आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूर या माळरानावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४मध्ये क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तिथवर पोचणाऱ्यांनी आपलं कार्ड तिच्यात टाकावं, ही कल्पना. त्यातून तिकडे पत्रपेट्या शोधण्याचा छंद वाढला आणि तो आजही चालू आहे. पण त्या पेट्या शोधायच्या त्या खुणांवरून, वर्णनावरून, होकायंत्राच्या दिशेवरून. आकड्यांवरून शोधायचं म्हटलं तर आकडे विश्वासार्ह हवेत, आणि मे २०००पर्यंत सामान्य माणसाला ते मिळत नव्हते. जीपीएस ही अमेरिकी लष्कराची यंत्रणा. नागरी वापरासाठी सोडलेल्या संकेतात लष्कर मुद्दाम चूक मिसळायचं, त्यामुळे आपली जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही मुद्दाम घातलेली चूक काढून टाकत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच मध्यरात्री ती काढली गेली. जगभरच्या लाखो यंत्रांची अचूकता एका रात्रीत कितीतरी पटींनी वाढली.

दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत डेव्ह अल्मर या संगणक सल्लागाराने प्लास्टिकची एक काळी बादली नेऊन ठेवली. आत वही, पेन्सिल आणि थोड्या वस्तू होत्या: पुस्तकं, चित्रफिती, सॉफ्टवेअर, एक गलोल, बीन्सचा एक डबाबंद टिन. जागेचे आकडे त्याने उपग्रह-दिशादर्शनाची आवड असलेल्यांच्या इंटरनेटवरच्या चर्चागटात टाकले. एखादी वस्तू घ्या, एखादी ठेवा आणि वहीत लिहा, एवढाच नियम. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती बादली शोधली. पहिला होता माइक टीग. महिना संपायच्या आत मॅट स्टम याने या उद्योगाला जिओकॅशिंग हे नाव सुचवलं. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश याने त्यासाठी संकेतस्थळ सुरू केलं तेव्हा जगभरातल्या डब्यांची संख्या होती ७५.

आता आकड्यांकडे. जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि मिनिटांत देतात, आणि मिनिटांचा अपूर्णांक तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळजवळ १,८५० मीटर, म्हणून शेवटचा आकडा एकाने बदलला तर जागा १.८५ मीटरने सरकते. रेखांशाचं मात्र तसं नाही. रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात. ओरेगॉनमध्ये, ४५ अंशांवर, रेखांशाच्या शेवटच्या आकड्याची किंमत १.३ मीटर भरते. मुंबईत ती १.७५ मीटर. मॅकरिची विषुववृत्तापासून सुमारे दीडशे किलोमीटरच उत्तरेला आहे, त्यामुळे तिथे दोन्ही आकड्यांची किंमत जवळपास सारखीच येते. नकाशावरचा चौरस तिथे खरोखर चौरस असतो.

एवढ्या बारीक आकड्यांमुळे एक गैरसमज होतो. १.८५ मीटरपर्यंत लिहिलं म्हणजे १.८५ मीटरपर्यंत खरं असेलच, असं नाही. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो की आत्ता मी कुठे आहे आणि माझ्या अणुघड्याळात किती वाजलेत. तो संकेत आपल्यापर्यंत पोचायला सेकंदाचा पंधरावा-चौदावा भाग लागतो. या उशिरावरून यंत्र अंतर काढतं. अशा निदान चार उपग्रहांची अंतरं मिळाली की आपली जागा ठरते. तीन अंतरं जागेसाठी आणि चौथं फोनमधल्या साध्या घड्याळाची चूक काढण्यासाठी. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे वेळेच्या हिशेबात तीस-चाळीस नॅनोसेकंदांची गफलत झाली तरी त्या उपग्रहाचं अंतर दहा-बारा मीटरने चुकतं.

जंगल नेमकी ही गफलत घडवतं. उपग्रहाचा संकेत पृथ्वीवर पोचतो तेव्हा अतिशय क्षीण झालेला असतो, आणि त्या लहरींना पाणी आवडत नाही. ओली पानं, ओल्या फांद्या, रसाने भरलेले बुंधे त्यांना शोषून घेतात. काही लहरी थेट न येता एखाद्या जाड बुंध्यावर किंवा ओल्या कड्यावर आपटून येतात. त्यांनी जास्त अंतर कापलेलं असतं, आणि यंत्र मात्र तेच अंतर खरं मानतं. म्हणून पाऊस पडून गेल्यावर त्याच वाटेवर, त्याच झाडाखाली, सकाळपेक्षा वेगळे आकडे दिसू शकतात. विषुववृत्ताजवळ आणखी एक अडचण आहे. पृथ्वीपासून शंभर ते हजार किलोमीटर उंचीवर वातावरणात विद्युतभारित कणांचा थर आहे. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात तो इतर ठिकाणांपेक्षा दाट असतो, आणि सूर्यास्तानंतरच्या काही तासांत तो फार अस्थिर होतो. संकेत त्यातून येताना रेंगाळतो. एक गोष्ट मात्र या प्रदेशाच्या बाजूची आहे. उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे इथे ते थेट डोक्यावरूनही जातात. ध्रुवाजवळ तसे जात नाहीत. उभ्या टेकड्यांच्या घळीतही डोक्यावरच्या आभाळाच्या पट्टीत एखाददुसरा उपग्रह सापडतो. २०१८नंतरच्या काही फोनमध्ये दोन वेगवेगळ्या कंप्रतांचे संकेत घेण्याची सोय आली आणि आपटून आलेल्या लहरी ओळखणं थोडं सोपं झालं. तरीही दाट छताखाली दहा मीटर हा चांगलाच निकाल समजावा. वीस मीटरही येतात.

शिवाय चूक दोघांची असते. लपवणाऱ्यानेही आकडे त्याच छताखाली घेतलेले असतात. म्हणून जाणकार माणूस एकदाच आकडे घेऊन मोकळा होत नाही. यंत्र काही मिनिटं स्थिर ठेवतो, वेगवेगळ्या दिवशी येऊन पुन्हा घेतो आणि सरासरी काढतो. उपग्रह सतत हलत असल्याने चुकांची दिशाही बदलते, त्यामुळे सरासरी खऱ्या जागेच्या जवळ येते. एवढी तसदी घेतलेली जागा शोधणाऱ्याला लगेच जाणवते.

शोधणाऱ्याची नवशिकी सवय अशी की बाण दाखवेल तिकडे जायचं. शेवटच्या टप्प्यात बाण गरगरू लागतो, अंतर सातवरून चौदावर आणि पुन्हा पाचवर जातं, आणि माणूस झुडपांत गोल फिरत राहतो. मॅकरिचीसारख्या रानात हे करायचंच नाही. अंतर पंधराच्या आत आलं की पायवाटेवरच थांबायचं, फोन खिशात ठेवायचा आणि बघायचं. वाटेवर वीस-तीस पावलं मागे-पुढे जाऊन दोन-तीन ठिकाणांहून बाणाची दिशा पाहिली, तर त्या दिशा जिथे एकमेकींना छेदतात तो भाग आपोआप ध्यानात येतो. मग प्रश्न उरतो: हातात डबा घेऊन मी इथे उभा असतो, तर कुठे ठेवला असता?

याचं उत्तर द्यायला रान ओळखावं लागतं. मॅकरिचीच्या भोवतालची बरीचशी झाडी मूळ जंगल नाही. एकोणिसाव्या शतकात इथे गॅम्बिअर आणि मिरीची लागवड होती. गॅम्बिअरच्या पानांचा अर्क कातडी कमावायला वापरत, आणि पानं उकळायला लागणाऱ्या सरपणासाठी आजूबाजूचं जंगल तोडत. जमिनीचा कस संपला की मळा सोडून पुढे जात. नंतर रबर आलं. सोडलेल्या मळ्यांवर पुन्हा जंगल चढलं, म्हणून आज वाटेच्या कडेला जंगली झाडांमध्येच रबराची झाडं उभी दिसतात. जुनं, न तोडलेलं जंगल काही तुकड्यांतच उरलं आहे. तिथली झाडं सरळसोट उंच जातात आणि बुंध्याच्या तळाशी भिंतींसारखी आधारमुळं पसरतात. दोन आधारमुळांमधला कोनाडा ही लपवण्याची पहिली जागा, आणि म्हणून शोधण्याचीही. नंतर पडलेल्या ओंडक्याची पोकळी, दगडांची कपार, लाकडी पुलाच्या तुळईची आतली बाजू, कठड्याच्या खांबाचा तळ.

मग विसंगती शोधायच्या. जंगलात सरळ रेषा क्वचित असते. एकाच लांबीच्या चार काटक्या शेजारी शेजारी पडलेल्या दिसल्या तर त्या कुणीतरी ठेवल्यात. बाकी सगळ्या दगडांवर शेवाळ आहे आणि एकाचीच वरची बाजू कोरडी-उघडी आहे, तर तो अलीकडे उलटलेला आहे. पालापाचोळ्याचा ढीग एखाद्या अडथळ्याच्या खालच्या बाजूला साचला असेल तर तो पाण्याने आणलेला नाही. पाणी पाचोळा वरून खाली आणतं आणि अडथळ्याच्या वरच्या बाजूला सोडतं. अशा नजरेने बघायला लागलं की डब्याआधी कितीतरी इतर गोष्टी दिसतात. कोलुगो नावाचा, पायांमधल्या पडद्यावर तरंगत जाणारा प्राणी दिवसा बुंध्याला चिकटून बसतो. त्याच्या अंगावरचे करडे-पांढरे डाग बुरशीच्या ठिपक्यांसारखे असतात आणि रोज पळायला येणारी माणसं त्याच्या शेजारून न बघता जातात. डबा शोधणाऱ्याला मात्र तो दिसतो, कारण तो बुंधे न्याहाळत असतो. या खेळाची मला सर्वांत जास्त किंमत वाटते ती इथे. जंगलातून किलोमीटर मोजत जाणाऱ्याला तो थांबायला लावतो.

हात कुठे घालायचा नाही, हेही याच वाटेवर शिकून घ्यावं. वॅग्लर्स पिट व्हायपर हा हिरवा-पिवळा विषारी साप या रानात आहे. आपल्या सह्याद्रीतल्या चापड्याच्याच कुळातला. एखाद्या कमरेइतक्या उंच फांदीवर तो दिवसेंदिवस न हलता बसून राहतो. कुजक्या ओंडक्यात विंचू आणि गोमा असतात. पोकळीत आधी काठी, मग विजेरीचा झोत, आणि डोळ्यांना दिसल्यावरच हात. हा क्रम मोडू नये. झाडांच्या पानांची घरटी शिवणाऱ्या लाल मुंग्या, ज्यांना कोकणात हुमले म्हणतात, त्याच जातीच्या इथेही आहेत, आणि डब्याला फांदीचा टेकू असेल तर त्या हमखास त्यावरून ये-जा करतात. वेताच्या काटेरी शेंड्यांचे आकडे मागे वळलेले असतात. कपडा अडकला तर झटका देऊ नये, उलट एक पाऊल मागे यावं, आकडा आपोआप सुटतो.

माकडांचं वेगळंच. लांब शेपटीची मकाक माकडं वाटेवर टोळीने बसलेली असतात आणि कुरकुरणारी प्लास्टिकची पिशवी म्हणजे खाणं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून सामान पाठपिशवीत, चेन लावून. सिंगापूरमध्ये वन्यप्राण्यांना खाऊ घालणं हा कायद्याने गुन्हा आहे. जिओकॅशिंगच्या नियमांतही डब्यात खाद्यपदार्थ ठेवायला मनाई आहे. अल्मरच्या बादलीत बीन्सचा टिन होता खरा, पण पुढे अनुभवाने हा नियम आला. चॉकलेटच्या वासाने प्राणी डबा चावून फोडतात, आणि नंतर माणसाची प्रत्येक डबी त्यांना अन्न वाटू लागते.

पाऊस हा या रानातला दुसरा मोठा मुद्दा. सिंगापुरात वर्षाला सुमारे २,१०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत जवळपास तेवढाच पडतो, पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत संपतो आणि उरलेले आठ महिने जमीन वाळते. सिंगापूरचा पाऊस बाराही महिन्यांत वाटलेला आहे. वर्षातले सरासरी १७१ दिवस पावसाचे. जंगलाच्या तळाशी सूर्यप्रकाशाचे एक-दोन टक्केच पोचतात, वारा जवळजवळ नाही. भिजलेली वस्तू तिथे वाळतच नाही. डब्याच्या झाकणाची फट केसाएवढी असली तरी रात्री थंड होताना आतली हवा आकुंचते आणि बाहेरची ओल आत ओढली जाते. काही आठवड्यांत वहीचा लगदा होतो, कागदावर काळी बुरशी चढते, पेन्सिलचं लाकूड फुगतं. युरोपात वर्षानुवर्षं टिकणारे साधे खाऊचे डबे इथे एक वर्षही धड काढत नाहीत. टिकतात ते रबरी पट्टीचं झाकण असलेले, कळ दाबून बंद होणारे जाड डबे किंवा लष्करी दारूगोळ्याच्या जुन्या लोखंडी पेट्या. त्यातही वही वेगळ्या बंद पिशवीत, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि शाईऐवजी पेन्सिल.

झाकण निघालेला डबा म्हणजे नुसता कचरा नव्हे. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी थोड्याशा साचलेल्या पाण्यात अंडी घालते. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात, आणि अंडी कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात. सिंगापुरात घराच्या आवारात डासांची पैदास सापडली तर दंड होतो, इतकं हे गांभीर्याने घेतलं जातं. वाटेपासून पाच मीटर आत कुणीतरी लपवलेला, मालक विसरून गेलेला, आभाळाकडे तोंड करून पडलेला प्लास्टिकचा डबा अशा ठिकाणी काय करू शकतो, याचा विचार लपवणाऱ्याने डबा विकत घेतानाच करायला हवा.

म्हणूनच सुट्टीवर आलेल्या पर्यटकाने डबा ठेवून परत जाणं हे खेळाच्या नियमांत बसत नाही. प्रत्येक नवा डबा जाहीर होण्याआधी स्वयंसेवक परीक्षक त्याची माहिती तपासतात आणि त्याची देखभाल कोण करणार हे पाहतात. जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगी असावी लागते. झाडाला खिळा ठोकायचा नाही, जमीन खोदायची नाही. दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटर अंतर हवं. हा शेवटचा नियम मुळात एक दशांश मैलाचा आहे, आणि तो फक्त गर्दी टाळण्यापुरताच आहे. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटी महामार्गावर काहींनी या अंतराचा हिशेब लावून डब्यांच्या लांबच लांब रांगा उभ्या केल्या. तिथे मोटारीतून उतरायचं, सही करायची, पुन्हा बसायचं. वाळवंटातल्या रस्त्याच्या कडेला ते चालून जात असेल. जंगलातल्या वाटेवर ते करणं मला अक्षम्य वाटतं.

कारण साधं आहे. उष्ण कटिबंधातल्या जंगलाची सगळी श्रीमंती जमिनीच्या वरच्या पातळ थरात असते. पानं पडतात, ऊब आणि ओल यांमुळे झपाट्याने कुजतात, आणि पृष्ठभागालगत पसरलेली मुळं त्यातलं पोषण लगेच परत उचलतात. खालची माती बहुधा निकस असते. या थरावर माणसं पुन्हा पुन्हा चालली की तो दाबला जातो, पाणी मुरायचं थांबतं, वाहू लागतं, आणि मुळं उघडी पडतात. एका डब्याला वर्षात शंभर माणसं भेट देत असतील आणि प्रत्येक जण दहा मीटरांच्या वर्तुळात पंधरा मिनिटं फिरत असेल, तर त्या तुकड्यावर रोपं उगवणार नाहीत. मग तयार झालेली नवी पायवाट पाहून इतरही आत शिरतात. या रानात राफल्स बँडेड लंगूर नावाचं काळं-पांढरं वानर आहे. सिंगापुरात ती शंभरही उरलेली नाहीत. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक नवी चोरवाट म्हणजे आणखी एक फाटलेली जागा.

काही जागा नुसतं रान नसतात, त्यांना मानही असतो. जपानी ताब्याच्या काळात युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेल्या शिंतो मंदिराचे अवशेष मॅकरिचीच्या आतल्या झाडीत आहेत. १९४५मध्ये शरणागतीच्या वेळी जपान्यांनीच ते उद्ध्वस्त केलं. जलाशयाच्या काठावर लिम बो सेंग या प्रतिकार चळवळीतल्या वीराची समाधी आहे. १९४४मध्ये तो जपान्यांच्या कैदेत मरण पावला. अशा ठिकाणी माणसांनी दगडांमागे चाचपडत फिरणं कुणालाच शोभत नाही.

यावर खेळाने स्वतःच एक चांगला उपाय काढला आहे, आणि माझ्या मते राखीव जंगलांसाठी तोच योग्य आहे. २००४पासून अर्थकॅश नावाचा प्रकार सुरू झाला. त्यात डबा नसतोच. जियॉलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका ही भूशास्त्राची संस्था तो चालवते. दिलेल्या आकड्यांवर पोचायचं, समोरचा खडक, झरा, मातीचा थर नीट पाहायचा, आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ते आकडे जाहीर करणाऱ्याला पाठवायची. कणांचा आकार काय, भेग कोणत्या दिशेने गेली आहे, पाणी कुठून झिरपतं. मॅकरिचीच्या शेजारीच बुकित तिमाहची १६३ मीटर उंचीची टेकडी ग्रॅनाइटची आहे आणि तिच्या जुन्या खाणींचे कडे उघडे आहेत. असल्या जागी डब्यापेक्षा प्रश्नच जास्त टिकतो. तो भिजत नाही, त्यात डास होत नाहीत, आणि शोधणाऱ्याला पायवाट सोडावी लागत नाही.

महाराष्ट्रातल्या भटक्यांना हे सगळं दूरचं वाटू नये. सह्याद्रीत फोन आणि जीपीएस घेऊन चालणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि डबे लपवण्याची हौस आपल्याकडेही पोचली आहे. आपल्याकडे ओल चार महिने आणि ऊन आठ महिने, म्हणून इथे प्लास्टिक बुरशीने जात नाही, उन्हाने तडकून जातं. कायदाही वेगळा आहे. भीमाशंकर शेकरूसाठी राखलेलं अभयारण्य आहे. तिथे आणि राष्ट्रीय उद्यानांत वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही ठेवून येणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. रायगड, शिवनेरी, लोहगड हे संरक्षित किल्ले आहेत आणि २०२५मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या गटातून ते जागतिक वारसा यादीत गेले. त्यांच्या तटातला एक दगड सैल करून मागे डबी सरकवणं हे शोधकार्य होत नाही, ती मोडतोड आहे. बेवारस डब्याचं भय आपल्या शहरांतही खरं आहे. २०११मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर ठेवलेल्या अशाच डब्यामुळे बॉम्बनाशक पथक बोलवावं लागलं होतं. म्हणून डबा पारदर्शक असावा आणि त्यावर हा काय प्रकार आहे हे मराठीत, ठळक लिहिलेलं असावं.

हा खेळ सुरू करणार असाल तर पहिलं वर्ष फक्त शोधा, लपवू नका. न सापडलेल्या डब्याचीही नोंद प्रामाणिकपणे करा. त्यावरूनच मालकाला कळतं की जाऊन पाहायला हवं. विषुववृत्ताजवळच्या रानात गेलात तर सकाळी लवकर निघा आणि दुपारच्या विजांच्या आत बाहेर या. अंधार तिथे बारा महिने सातच्या सुमाराला पडतो आणि झाडांखाली त्याच्या बराच आधी. परतताना वाटेवरचा कचरा उचला. २००२पासून जगभरचे जिओकॅशर हे ठरवून करतात. आणि फुटका, उघडा, पाणी साचलेला डबा दिसला तर त्यातलं पाणी ओता, झाकण लावा, मालकाला त्याच दिवशी कळवा.